सॉना नंतर, आधी आरोग्य विम्याचा हप्ता

फोंडा तालुक्यातून आलेल्या एका पत्राचा गोषवारा असा. पत्रलेखक बावन्न वर्षांचे असून कुंडई औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात पर्यवेक्षक आहेत. घरी पत्नी आणि बारावीत शिकणारी मुलगी आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांना पॉलिमायोसायटिस, म्हणजे स्नायूंच्या दाहाचा दीर्घकाळ चालणारा आजार, असल्याचे निदान झाले. स्टेरॉइड आणि मेथोट्रेक्सेट हे प्रतिकारशक्ती दाबणारे औषध सुरू आहे, तरीही मांड्या व खांदे दुखतात आणि सकाळी अंग आखडलेले असते. आसगावकडील एका वेलनेस केंद्रात दर वेळी ₹१,५०० मोजून त्यांनी चारदा सॉना, म्हणजे तापवलेल्या केबिनमध्ये घाम येईपर्यंत बसणे, आणि लगेच थंड पाण्यात डुबकी असा प्रयोग केला, आणि प्रत्येक वेळी दिवसभर बरे वाटले. आता एका विक्रेत्याने इन्फ्रारेड सॉनाची केबिन, चिलरसह (पाणी गार करणाऱ्या यंत्रासह) थंड पाण्याची टाकी, परसात चौथरा, पत्र्याची शेड आणि वायरिंग मिळून ₹६ लाखांचे कोटेशन दिले आहे. निम्मी रक्कम मुदत ठेव मोडून आणि निम्मी कर्ज काढून उभी करावी, की सगळेच कर्ज काढावे, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

दोन्ही करू नये, हे त्याचे उत्तर. त्याची कारणे पुढे देतो; मात्र तुमच्या पत्रातील सर्वांत महाग वाक्य सॉनाबद्दलचे नाही. शेवटच्या परिच्छेदात तुम्ही जाता जाता लिहिले आहे की, कंपनीचा ₹५ लाखांचा मेडिक्लेम असल्यामुळे बारा वर्षे चालवलेली ₹१० लाखांची कौटुंबिक आरोग्य विमा पॉलिसी या महिन्याच्या चार तारखेला नूतनीकरण न करता सोडून दिली, कारण हप्ता ₹५४,००० झाला होता, आणि एजंटाच्या सल्ल्याने ते पैसे व आणखी थोडी भर घालून वर्षाला ₹१ लाखाची ‘गॅरंटीड इन्कम’ योजना घेतली. तुमचे पत्र हातात पडले तेव्हा महिन्याची एकवीस तारीख होती. वार्षिक हप्त्याच्या आरोग्य पॉलिसीला नूतनीकरणासाठी ३० दिवसांची सवलतीची मुदत असते, आणि हे उत्तर छापून येईपर्यंत ती उलटली असती. म्हणून त्याच दिवशी दूरध्वनीवरून तुम्हांला हप्ता भरण्यास सांगितले. इतर वाचकांसाठी कारणमीमांसा येथे सविस्तर देत आहे, कारण ही चूक करणारे तुम्ही एकटे नाही.

बारा वर्षांच्या पॉलिसीची किंमत तिच्या हप्त्यावरून ठरत नाही, तिच्या वयावरून ठरते. सलग ६० महिने पूर्ण झालेल्या आरोग्य पॉलिसीतील दावा विमा कंपनीला आजार लपवल्याच्या किंवा चुकीची माहिती दिल्याच्या कारणावरून नाकारता येत नाही. फसवणूक सिद्ध झाली तरच गोष्ट वेगळी. शिवाय तुमचा आजार पॉलिसी सुरू झाल्यानंतर दहा वर्षांनी उद्भवला असल्यामुळे त्या पॉलिसीच्या दृष्टीने तो पूर्वीपासूनचा आजार ठरत नाही. हेच विमासंरक्षण उद्या नव्याने घ्यायला गेलात, तर पॉलिमायोसायटिसचे नाव ऐकून निम्म्या कंपन्या अर्जच परत करतील, आणि जी कंपनी घेईल ती वाढीव हप्ता लावून या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकेल. सवलतीच्या मुदतीत हप्ता भरला, तर मधल्या दिवसांत उद्भवलेला खर्च मिळत नाही, पण पॉलिसीचे बारा वर्षांचे वय शाबूत राहते. मुदत उलटली, की ते वय शून्य होते.

या आजारात संरक्षण कशासाठी लागते, तेही पाहू. गोळ्यांनी आजार आटोक्यात राहिला तर खर्च फारसा नाही. पण तो उसळला किंवा गिळण्याचे, श्वासाचे स्नायू अशक्त होऊ लागले, तर डॉक्टर शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडे) देण्याचा निर्णय घेऊ शकतात, आणि त्याची नेहमीची मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे २ ग्रॅम असते. साठ किलोच्या माणसाला १२० ग्रॅम, म्हणजे ५ ग्रॅमच्या २४ बाटल्या. बाटलीला ₹१०,००० धरले तरी एका खेपेचे ₹२.४ लाख नुसत्या औषधाचे झाले, आणि हे उपचार अनेकदा महिन्यामहिन्याने पुन्हा द्यावे लागतात. अशा दोन खेपांत कंपनीच्या मेडिक्लेमचे ₹५ लाख संपतात. त्यातून तुम्ही पंचावन्नाव्या वर्षी नोकरी सोडण्याचा विचार लिहिला आहे; नोकरी सुटली, की तो मेडिक्लेमही सुटतो. अशा गट विम्यातून त्याच विमा कंपनीच्या व्यक्तिगत पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो हे खरे, पण मंजुरी विमा कंपनीच्या हातात असते, आणि त्या वेळी तुमची वैद्यकीय फाइल आजच्यापेक्षा जाडच असेल.

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या आरोग्य विमा योजनेचे कार्ड आहे, असेही तुम्ही म्हणता. ते जपून ठेवा आणि वेळेवर नूतनीकरण करत राहा. मात्र तीन जणांच्या कुटुंबाला त्यात वर्षाला ₹२.५ लाखांची मर्यादा आहे आणि ती ठरावीक उपचारांच्या यादीपुरती आहे. बांबोळीचे गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचे सरकारी इस्पितळ, आहे, ही गोव्यात राहणाऱ्याची मोठीच सोय. तरी या दोहोंच्या भरवशावर ₹१० लाखांची जुनी पॉलिसी सोडणे हा हिशेब होत नाही. हप्ता जड वाटत असेल, तर विमा कंपनी बदलण्याचा रीतसर मार्ग आहे. त्यासाठी पुढील नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी अर्ज करावा आणि नव्या कंपनीने लेखी होकार दिल्याशिवाय जुनी पॉलिसी सोडू नये. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तिगत आरोग्य विम्यावरील १८ टक्के जीएसटी रद्द झाला आहे. एजंटाने दाखवलेल्या ₹५४,००० च्या आकड्यात तो धरला आहे की काय, हे भरण्यापूर्वी पावतीवर तपासा.

आता त्या गॅरंटीड योजनेकडे. दहा वर्षे दरवर्षी ₹१ लाख भरायचे आणि बाराव्या वर्षाच्या अखेरीपासून दहा वर्षे दरवर्षी ₹१.७५ लाख घ्यायचे. एजंटाच्या शब्दांत, ‘पंचाहत्तर टक्के नफा, तोही लेखी’. प्रत्येक लाख बारा वर्षांनी पावणेदोन लाख होऊन परत येतो, म्हणजे वर्षाला जेमतेम पावणेपाच टक्के. साध्या पीपीएफमध्ये ७.१ टक्क्यांनी तोच लाख बारा वर्षांत ₹२.२८ लाखांच्या आसपास जातो. गॅरंटी खरी आहे, पण ती कमी परताव्याची गॅरंटी आहे. पंचावन्नाव्या वर्षी पगार थांबल्यानंतरही या योजनेचे सात हप्ते भरायचे बाकी असतील, ही गोष्ट माहितीपत्रकाच्या रंगीत तक्त्यात कोठेही नसते. दीर्घ आजार असलेल्या माणसाकडून आरोग्य विम्याचा हप्ता काढून घेऊन तो अशा योजनेत वळवणाऱ्या एजंटाला मी सल्लागार म्हणणार नाही.

त्याहून गंभीर बाब अशी की, ‘फॉर्म एजंटानेच भरला, मी फक्त सही केली’ असे तुम्ही लिहिता. या योजनेत थोडे आयुर्विमा संरक्षणही आहे, आणि प्रस्तावपत्रात आजारांचा रकाना असतो. तेथे ‘काही नाही’ असे लिहिले असेल, तर विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार पहिल्या तीन वर्षांत कंपनी त्या मुद्द्यावर पॉलिसीला हरकत घेऊ शकते, आणि तोपर्यंत तुमचे काही बरेवाईट झाले तर कागदपत्रे घेऊन धावपळ पत्नीला करावी लागेल. सुदैवाने पॉलिसीचा दस्तऐवज मिळून अजून ३० दिवस झालेले नाहीत. एवढ्या मुदतीत कारण देऊन किंवा न देताही पॉलिसी परत करता येते. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी झाली असल्यास तिचा खर्च आणि तेवढ्या दिवसांच्या जोखमीचा हप्ता वजा करून बाकीची रक्कम परत मिळते.

राहिला सॉना. मी वैद्य नाही, त्यामुळे औषधोपचारावर बोलणार नाही. पैसे कशासाठी मोजले जात आहेत, एवढेच पाहतो. उष्णतेने आखडलेले स्नायू सैल होतात आणि काही तास बरे वाटते, हा तुमचा अनुभव खोटा नाही. नेदरलँड्समध्ये संधिवाताच्या १७ आणि अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसच्या (मणक्याच्या सांध्यांच्या दाहाच्या) १७ रुग्णांना चार आठवड्यांत आठ वेळा इन्फ्रारेड सॉना देऊन पाहिले गेले, त्याचा अहवाल २००९ मध्ये आला: त्या त्या बैठकीत वेदना व आखडलेपण कमी झाले, आजार बळावला नाही, पण चार आठवड्यांच्या अखेरीस ठोस म्हणावा असा फायदा उरला नाही. हे झाले सांध्यांच्या आजारांचे, स्नायूदाहाचे नव्हे. थंड पाण्याचा आधार तर आणखी दूरचा आहे. अनेक वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यातील १७ छोट्या चाचण्या व्यायामानंतर अंग दुखणाऱ्या, बहुतांश तरुण व निरोगी माणसांवरच्या होत्या. त्यांचे स्नायू कसरतीने दुखावले होते. तुमच्या स्नायूंवर शरीराची प्रतिकारशक्तीच उलटली आहे. गरम केबिनमधून निघून एकदम १० ते १५ अंशांच्या पाण्यात उतरल्यावर रक्तदाब आणि नाडी झपाट्याने वाढते, आणि या आजारात हृदयाच्या स्नायूलाही झळ लागू शकते. म्हणून पुढची डुबकी संधिवाततज्ज्ञांना विचारल्याशिवाय घेऊ नये. विक्रेत्याच्या पत्रकातील ‘सहा महिन्यांत गोळ्या सुटतात’ हे वाक्य तर कात्रीने कापून टाकावे असे आहे, कारण दीर्घकाळ चाललेले स्टेरॉइड मनाने एकदम थांबवणे जिवावर बेतू शकते.

हिशेब थोडक्यात. ₹३ लाखांचे कर्ज १४ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर महिन्याला ₹७,००० आणि एकूण व्याज सुमारे ₹१.२ लाख. टाकीचे पाणी एप्रिल-मेच्या उकाड्यात थंड ठेवण्यासाठी चिलर रोज आठ तास चालला आणि केबिन पाऊण तास, तर साडेनऊ-दहा युनिटे. ₹६ दराने महिन्याला ₹१,७०० च्या पुढे. फिल्टर, पाणी बदलणे, दुरुस्ती धरून वर्षाचे ₹३५,००० कोठेच गेले नाहीत. फोंड्याच्या चार महिन्यांच्या पावसात परसातील लाकडी केबिन आणि चिलर सात वर्षे टिकले असे उदारपणे मानले, तरी व्याज सोडून वर्षाला सव्वा लाखाच्या जवळपास खर्च येतो. विक्रेता हा आकडा रोजच्या वापराने भागून दाखवतो. दुसऱ्या वर्षी रोज कोण बसते, हे तो सांगत नाही. आणि उष्णताच हवी असेल, तर न्हाणीतल्या भाणातले कढत पाणी आणि गरम पाण्याची पिशवी यांना कोटेशन लागत नाही.

डॉक्टरांनी सॉनाला हरकत घेतली नाही, तर केंद्रात आठवड्यातून दोनदा, तीन महिने जा. २६ बैठकांचे ₹३९,००० होतात. दुखणे किती, सकाळी अंग मोकळे व्हायला किती वेळ लागला, हे रोज वहीत लिहा आणि ती वही पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवा. त्यांनी सुचवलेला व्यायाम फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली सुरू करण्याबद्दलही विचारा, कारण स्नायूदाहात बेताच्या व्यायामाला सॉनापेक्षा अधिक चांगला आधार आहे. गॅरंटीड योजनेतून परत येणाऱ्या सुमारे लाखभर रुपयांत आरोग्य विम्याचे ₹५४,००० आणि या प्रयोगाचे ₹३९,००० दोन्ही बसतात. मुदत ठेवीला हात लावण्याची गरज नाही, कर्जाची तर नाहीच.

पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त होण्याबद्दल तुम्ही विचारलेले नाही, तरी तुमच्याच आकड्यांवरून सांगतो. भविष्य निर्वाह निधी आणि ठेवी मिळून ₹७० लाख, घरखर्च महिन्याला ₹५०,०००. व्याज महागाईत गेले असे धरले तर ही रक्कम पावणेबारा वर्षे पुरते, म्हणजे सदुसष्टीच्या आत संपते, आणि मुलीच्या शिक्षणाचा खर्च यात धरलेलाच नाही. काम झेपत नसेल तर कंपनीत हलके काम मागणे, नोकरी सोडण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडेल.

पॉलिसी परत करण्याचे पत्र एजंटाच्या हाती देऊ नका. तो ‘बघतो’ म्हणेल आणि मुदत निघून जाईल. पणजी किंवा मडगावच्या शाखेत स्वतः जाऊन द्या, दस्तऐवज कोणत्या तारखेला मिळाला ते त्यात लिहा, शिक्क्यासह पोच घ्या आणि तीच प्रत ईमेलनेही पाठवा. कंपनीने टाळाटाळ केली, तर आधी तिच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. तेथे दाद न लागल्यास गोव्यासाठीचे विमा लोकपाल कार्यालय पुण्यात आहे आणि तेथे तक्रारीला शुल्क लागत नाही.