पेटी शिकायचीय ना? मग निवृत्तीची वाट नका पाहू

ताई, पंचेचाळिसाव्या वर्षी पेटी (हार्मोनियम) शिकायला उशीर झाला का, असं विचारलंत. अजिबात नाही. मी बेचाळिसाव्या वर्षी पहिला सा धरला. त्याआधी दहा वर्षं "मुलांची दहावी होऊ दे, घराचे हप्ते फिटू दे" यातच गेली. त्या दहा वर्षांची हळहळ अजून वाटते.

सुरुवातीला एवढंच सांभाळा:

- रोज वीस मिनिटं, ठरलेल्या वेळी. रविवारी तीन तास बसायचं आणि मग आठवडाभर झाकण उघडायचं नाही, ही सगळ्यांत नेहमीची चूक. माझी वेळ कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंतची होती.
- पेटी माळ्यावर नको, हाताशी हवी.
- लगेच महागडी घेऊ नका. जुनी चालेल. फक्त भाता भरून हात सोडून बघा. एकही पट्टी न दाबता तो झपाट्याने बसला, तर हवा गळतेय.

पहिल्याच आठवड्यात सिनेमाची गाणी शोधू नका. पांढरी एकमध्ये (म्हणजे C ही पांढरी पट्टी 'सा' धरून) सारेग, रेगम, गमप हे अलंकार, म्हणजे स्वरांचे सरावाचे पाठ, सावकाश घोटा. अंगठा काळ्या पट्टीवर जाऊ देऊ नका, ती सवय नंतर सुटता सुटत नाही. मग भूप राग घ्या, त्यात पाचच स्वर. गांधर्व महाविद्यालय मंडळाची 'प्रारंभिक' ही संगीताची पहिली परीक्षा डोळ्यांपुढे ठेवलीत तर फार बरं, कारण हातात एक तारीख येते.

ताना, साथसंगत यांचं आत्ता विचारू नका. भूपाचा आरोह-अवरोह (चढते-उतरते स्वर) न अडखळता वाजला की मला जरूर कळवा.