ओरखडे पडलेली गाडी विकायचीये, आधी पेंट करावी का?

प्रश्न : नमस्कार दादा. आमची २०१६ ची वॅगन आर आहे, पेट्रोल, बाबांच्या नावावर, फर्स्ट ओनर. इंजिन एकदम मस्त, सर्व्हिसिंग सगळं कंपनीच्याच वर्कशॉपमध्ये केलंय. पण सोसायटीच्या पार्किंगचे खांब असे आहेत की दोन्हीकडच्या दारांना ओरखडे पडलेत, मागच्या बंपरला चेप आहे आणि गाडी कायम उन्हात उभी म्हणून छतावरची लॅकर (रंगावरचा चकचकीत थर) उडालीये. बाबा आता गाडी चालवत नाहीत, म्हणून जुन्या गाड्या विकत घेणाऱ्या एखाद्या ऑनलाइन कंपनीला देऊन टाकायचा विचार आहे. गॅरेजवाले म्हणतात ३५ हजारांत सगळं डेंटिंग-पेंटिंग करून देतो, तशीच नेलीत तर भाव पाडतील. भाऊ म्हणतो इन्शुरन्समधून करू. मला काही सुचत नाहीये. – एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, पेंट करू नका. गाडी आहे तशी दाखवा.

कारण सांगतो. या कंपन्यांचा माणूस गाडी बघायला येतो तेव्हा त्याच्या हातात पेंटची जाडी मोजायचं छोटं मशिन असतं, ते पत्र्याला टेकवलं की मायक्रॉनमध्ये आकडा येतो. कंपनीचा मूळ पेंट बहुतेक गाड्यांना साधारण १०० च्या आसपास, थोडा कमी-जास्त भरतो. वरून पुन्हा रंग मारला की आकडा २०० च्या वर जातो आणि खाली पुट्टी भरलेली असेल तर अजून कितीतरी पुढे. म्हणजे तुम्ही ३५ हजार घालून दारं चकाचक केलीत की त्याला दिसणार काय, तर चार दारं रिपेंट, आणि त्याच्या मनात पहिला प्रश्न येणार की ह्याच्या खाली लपवलंय काय, गाडी साइडनं ठोकली होती का. आत्ता जो ओरखडा आहे तो निदान खरं बोलतोय, खांबाला घासलाय हे कुणालाही दिसतं. जुन्या गाडीच्या बाजारात 'ओरिजिनल पेंट, ओरखड्यांसकट' ही गाडीची जमेची बाजू धरतात, हे गॅरेजवाला तुम्हाला सांगणार नाही कारण त्याचं काम पेंट करायचं आहे, त्याचाही दोष नाही.

दुसरं म्हणजे पैशाचा हिशोब. तुम्हाला ज्या कामाचे ३५ हजार पडतात तेच काम या कंपन्या किंवा त्यांच्याकडून गाडी उचलणारे डीलर बरंच स्वस्तात करून घेतात, रोजच्या दहा गाड्या एकाच डेंटरकडे जातात ना. त्यामुळे ओरखड्यांसाठी ते जे कापतात ते त्यांच्या खर्चाच्या अंदाजानं कापतात, तुमच्या नाही. तुम्ही घातलेले पैसे भावात पूर्ण परत येणं फार कठीण.

मग खरा भाव कशावर ठरतो? वर्ष, मॉडेल, किलोमीटर, कितवा मालक, आणि सगळ्यात जास्त म्हणजे सांगाडा. तो माणूस बोनेट उघडून आतला एप्रन (इंजिनच्या दोन्ही बाजूंचा पत्रा) बघेल, बोनेटच्या आणि दारांच्या बोल्टवरचा रंग फुटलाय का बघेल (म्हणजे ते कधी खोललेत का हे कळतं), दारांचं रबर ओढून पिलरचे मूळ वेल्डिंगचे ठिपके बघेल, डिकीतली स्टेपनी काढून खालचा पत्रा बघेल, सीटखाली चिखल किंवा गंज आहे का बघेल कारण मुंबई-ठाण्याकडची गाडी म्हटलं की पाण्यात बुडाली होती का ही शंका येतेच. त्यानंतर स्कॅनर लावून इंजिनचे एरर बघेल आणि टेस्ट ड्राइव्ह. हे सगळं स्वच्छ असेल तर दारावरच्या रेषा किरकोळ. मागचा बंपर तर प्लास्टिकचा, त्याला ते मशिन नेहमीसारखं चालतही नाही, बंपरची चेप कुणी मनावर घेत नाही. छताची लॅकर मात्र मोजली जाईल, कारण छत म्हणजे मोठा पॅनल आणि उन्हानं उडालेली लॅकर पॉलिशनं परत येत नाही. तेवढी कपात मान्य करा.

इन्शुरन्सचं तर अजिबात नको. दोन्ही बाजू, बंपर, असे वेगवेगळ्या वेळी झालेले ओरखडे म्हणजे वेगवेगळे क्लेम धरतात, प्रत्येकाला तुमच्या खिशातले पहिले १००० रुपये वेगळे, झिरो डेप (भाग जुने म्हणून पैसे न कापणारं जादा कव्हर) नसेल तर प्लास्टिकच्या भागाला निम्मेच पैसे. आणि छत उन्हानं खराब झालंय, तो अपघात नाही, त्याचे पैसे मिळतच नाहीत. वर नो क्लेम बोनस जातो. पाच वर्षं क्लेम नसेल तर ही सूट ओन डॅमेज प्रीमियमवर (आपल्याच गाडीच्या नुकसानीसाठी भरतो त्या हप्त्यावर) ५० टक्क्यांपर्यंत असते, आणि ती गाडीची नसते, मालकाची असते. गाडी विकल्यावर इन्शुरन्स कंपनीकडून त्याचं सर्टिफिकेट मागून घ्या, बाबांच्या नावानं तीन वर्षांत दुसरी गाडी घेतलीत तर चालतं. चार ओरखड्यांसाठी ते घालवू नका.

करायचंच असेल तर एवढं करा. आतून-बाहेरून नीट वॉशिंग, नखाला न लागणाऱ्या बारीक रेषा रबिंग-पॉलिशनं जातात तेवढ्या घालवा, हेडलाइट पिवळे झाले असतील तर बफ करून घ्या. बाकी पैसे आणि वेळ कागदांना द्या, कारण भाव पाडायला खरं निमित्त तिथे मिळतं. गाडी १ एप्रिल २०१९ च्या आधीची आहे म्हणजे नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट लागते, नसेल तर आरटीओत नाव बदलायचं काम अडतं. थकलेले ई-चलन भरून टाका. लोन कधीच फिटलंय पण आरसीवर बँकेचं नाव तसंच आहे, असं खूप घरांत सापडतं, ते बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन काढावं लागतं. बाबांचा मोबाइल नंबर आधारला आणि आरसीला जोडलेला आहे का तेही बघा, ओटीपी त्यावरच येणार.

भावाबद्दल एक. वेबसाइटवर दिसतो तो आकडा गाडी न बघता काढलेला असतो, त्यावर मन अडकवू नका. सप्टेंबर २०२५ मध्ये छोट्या गाड्यांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, नवी वॅगन आर स्वस्त झाली, त्याचा दाब जुन्या गाडीवर येतोच, त्यामुळे शेजाऱ्यांनी दोन वर्षांपूर्वी घेतलेला भाव आज धरू नका. एकाच आठवड्यात दोन ऑनलाइन कंपन्या, मारुतीचं जुन्या गाड्यांचं दुकान ट्रू व्हॅल्यू आणि एक ठाण्यातला डीलर, असे चार आकडे घ्या. कुणी कापलं तर विचारा, कोणत्या पॅनलसाठी किती? ज्याच्याकडे उत्तर नाही त्याची कपात मान्य करू नका. आणि घरी गाडी न्यायला आल्यावर नवा ओरखडा सापडला म्हणून आकडा खाली आणला तर सरळ चावी परत घ्या. म्हणूनच इन्स्पेक्शनच्या दिवशी चारी बाजूंनी व्हिडिओ काढून ठेवा, तो रिपोर्टही मागून घ्या. पूर्ण पैसे खात्यात आल्याशिवाय मूळ आरसी हातातून सोडायची नाही.

प्रश्न : दादा, मी सात महिन्यांपूर्वी माझी आय टेन एका डीलरला विकली, थोडी ठोकलेली होती म्हणून मिळेल त्या भावात दिली, फॉर्मवर सह्या करून मोकळा झालो. आता माझ्या मोबाइलवर पुण्यातली चलनं येतायत, परिवहनच्या साइटवर मालक अजून मीच. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : भाऊ, हे चलनापुरतं नाहीये, म्हणून आजच हालचाल करा. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टानं नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार खटल्यात स्पष्ट सांगितलंय की आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, मधे गाडी कितीही हातांतून गेली असली तरी अपघाताची भरपाई त्याच्यावर येऊ शकते. तुमच्या गाडीनं उद्या कुणाला उडवलं तर नोटीस कोल्हापुरात येईल.

आधी डीलरला लेखी विचारा, गाडी कुणाला दिली. मग तुमच्या आरटीओत जाऊन विक्रीची माहिती लेखी द्या, फॉर्म २९ (गाडी विकल्याची सूचना) सोबत डिलिव्हरी नोट, पैसे आल्याचं बँक स्टेटमेंट, डीलरशी झालेलं व्हॉट्सअॅप, जे असेल ते जोडा आणि पोच घ्या. ही माहिती विकणाऱ्यानं खरं तर राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तरी द्याच. डीलर दाद देत नसेल तर तीच कागदं घेऊन पोलिसांत अर्ज करा. इन्शुरन्स कंपनीलाही कळवा.

बाकी वाचकांसाठी, १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकृत होता येतं. अशा डीलरला गाडी देताना फॉर्म २९सी ऑनलाइन भरला की गाडी त्याच्या ताब्यात असेपर्यंत जबाबदारी त्याची. ऑनलाइन कंपनी असो की कोपऱ्यावरचा डीलर, गाडी देण्याआधी आरटीओनं अधिकृत केल्याचं सर्टिफिकेट मागा. आणि तारखेची जागा कोरी ठेवून कधीही सही करू नका, तारीख आणि वेळ दोन्ही टाका.

प्रश्न : गाडीच्या दारांच्या खालच्या कडेला गंज आलाय. हाही ओरखड्यासारखाच सोडून द्यायचा का? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नाही. कोकणातल्या खाऱ्या हवेत गंज थांबत नाही, आणि ओरखड्यात पत्रा शाबूत असतो तसा इथे नसतो. विकायला महिना-दोन महिने असतील तर गंज घासून प्रायमर मारून घ्या, पण कशासाठी केलंय ते इन्स्पेक्शनला आपणहून सांगा, आधीचे फोटो दाखवा. खालून गाडी लिफ्टवर घेऊन फ्लोअर आणि सस्पेन्शनच्या जोडण्या एकदा बघून घ्या, तिथेही गंज पोचला असेल तर एक पैसाही न घालता आहे तशी द्या.