वाचक विचारतात : ‘द ब्राउनिंग व्हर्जन’, एकांकिका आणि चित्रपट

प्रश्न : टेरेन्स रॅटिगनची ‘द ब्राउनिंग व्हर्जन’ वाचली आणि पाठोपाठ १९५१चा चित्रपट पाहिला. एकांकिकेत निरोपाचं भाषण नाहीच. दिग्दर्शकाने ते पदरचं घातलं का?

उत्तर : नाही. पटकथा खुद्द रॅटिगनची आहे. कान महोत्सवात तिला पारितोषिक मिळालं आणि मुख्य भूमिका करणाऱ्या मायकेल रेडग्रेव्हला अभिनयाचं. दिग्दर्शक अँथनी अ‍ॅस्क्विथने तिला फारसा धक्का लावलेला नाही.

१९४८ साली लंडनच्या फिनिक्स थिएटरात आलेली एकांकिका एकाच संध्याकाळी, शाळेत ग्रीक-लॅटिन शिकवणाऱ्या क्रॉकर-हॅरिस मास्तरांच्या बैठकीच्या खोलीत घडते. प्रकृतीमुळे नोकरी आधीच सोडावी लागते म्हणून पेन्शन नाकारलेलं. वर हेडमास्तर सुचवतात, उद्याच्या समारंभात फ्लेचरच्या आधी बोला. फ्लेचर हा त्यांच्याहून कनिष्ठ शिक्षक, पण क्रिकेटपटू आणि मुलांचा लाडका. मास्तर मान्य करतात. अखेरीस मात्र ते फोनवर कळवतात की ज्येष्ठतेचा मान माझा आहे, मी नंतरच बोलेन. मग बायकोला जेवायला बसू म्हणतात, आणि पडदा. भाषण कसं झालं असेल ते प्रेक्षकाने ठरवायचं.

चित्रपटात ते ऐकू येतं. मास्तर तयार भाषण सोडून देतात, मुलांची माफी मागतात आणि सभागृह टाळ्यांनी दणाणतं. आमच्या मते इथे हातचं थोडं गेलंच. फोनवरच्या दोन वाक्यांत मावलेला विजय टाळ्यांनी उगाच मोठा होतो. प्रसंग तरतो तो रेडग्रेव्हमुळे. चित्रपटभर त्याने धरलेला बारीक, कोरडा, शब्द मोजून टाकणारा आवाज या ठिकाणी अडखळतो. (नट होण्याआधी तो क्रॅन्ली शाळेत भाषा शिकवत असे. मास्तरकी त्याला नवी नव्हती.)

प्रश्न : आमचा हौशी संघ एकांकिका बसवतो आहे. पुस्तक भेट देण्याचा प्रसंग रडका होतो. काय चुकतं?

उत्तर : बहुधा अश्रू लवकर येतात. मास्तरांचा विद्यार्थी टॅपलो त्यांना ‘अ‍ॅगामेम्नॉन’ या ग्रीक शोकांतिकेचं कवी ब्राउनिंगने केलेलं भाषांतर देतो, जुनं, वापरलेलं. आत त्याने ग्रीकमध्ये ओळ लिहिली आहे : सौम्य धन्याकडे देव दुरून कृपेने पाहतो. मास्तर ती वाचतात, मग मुलाला औषधाचा एक डोस ओतून आणायला पाठवतात. औषधाची निकड नाही, मुलाला खोलीबाहेर काढायचं आहे. तेव्हा तो बाहेर पडेपर्यंत आवाज सपाट राहिला पाहिजे. हुंदका दार लागल्यावरच. मुलगा आधीच सगळं समजल्यासारखा थबकला तर प्रसंग संपलाच.

दुसरी चूक मास्तरांची बायको मिली हिच्या बाबतीत होते. थोड्या वेळाने ती नवऱ्याला सांगते की हाच मुलगा मघाशी तुमची नक्कल करत होता आणि हे पुस्तक म्हणजे वरच्या वर्गात जाण्यासाठीची लाच. खलनायिकेच्या सुरात हे म्हटलं की प्रेक्षक तिला निकालात काढतो. हसत, सहज म्हणू द्या, घाव खोल जातो. विज्ञान शिकवणारा हंटर समोर उभाच आहे. त्याचं तिच्याशी प्रकरण आहे, पण तो पाठ फिरवतो तो इथेच. नाटकातलं पुस्तक नवऱ्याचा जीव घेणाऱ्या राणीचं आहे, हे टॅपलोला ठाऊक आहे. मास्तरांनी मात्र ते साम्य सुचवायला जाऊ नये.

प्रश्न : एका खोलीतल्या नाटकावर लघुपट करताना तो ‘बाहेर’ कसा काढायचा?

उत्तर : पात्रं जे नुसतं सांगतात त्याची आधी यादी करा. एकांकिकेत टॅपलो हंटरला सांगतो की मास्तरांच्या लॅटिन विनोदावर वर्गात एकटा तोच हसला, आणि तेही विनोद न कळता, केवळ सभ्यतेपोटी. चित्रपटात हे वर्गातच घडताना दिसतं. हंटरच्या विज्ञानाच्या तासातला गलका आणि मास्तरांच्या तासातली चिडीचूप शांतता शेजारी ठेवल्यावर दोघांबद्दल वेगळं बोलायला नको. प्रसंग दाखवलात तर त्याचं वर्णन करणारा संवाद कापा, नाहीतर तीच गोष्ट दोनदा सांगितली जाते. नेहमीची फसगत म्हणजे तेच संवाद बागेत नेऊन म्हणायला लावणं. शाळेचं बाह्यचित्रण डॉर्सेटमधल्या शेरबर्न शाळेत झालं, तरी पुस्तकाचा आणि मिलीच्या घावाचा प्रसंग घरातच ठेवला आहे. तिथून निसटायला जागा नाही, म्हणूनच.

प्रश्न : टीव्हीवर चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतात. प्रत खराब आहे का?

उत्तर : नाही. त्या काळची चौकट १.३७ : १ असे. १६ : ९च्या पडद्यावर ती रुंदीचा सुमारे ७७ टक्के भाग व्यापते. झूम करून पट्ट्या घालवल्यात तर वरखालून मिळून जवळपास २३ टक्के चित्र कापलं जातं, क्लोजअपमध्ये कपाळ आणि हनुवटी. रिमोटवर ‘ओरिजिनल’ किंवा ‘४ : ३’ निवडा. चेहरे पसरट दिसत असतील तर ‘वाइड’ चालू राहिलं आहे.