गाणं येतं, मग 'पाणी' का म्हणता येत नाही?

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ६४) चार महिन्यांपूर्वी स्ट्रोक आला. उजवा हात-पाय बराच सुधारलाय पण बोलणं गेलंय. काहीही विचारा, "बरं का, बरं का" एवढंच. परवा माझी मुलगी मोबाइलवर जुनं गाणं लावून बसली होती तर बाबा तिच्यासोबत अख्खं कडवं म्हणून मोकळे! लगेच पाणी हवंय का विचारलं तर परत "बरं का". घरातले काहीजण म्हणतात मुद्दाम करतायत. आणि एकांनी सांगितलंय की सहा महिन्यांत आलं ते आलं, पुढे काही येत नाही. खरंय का?

उत्तर : ताई, मुद्दाम अजिबात करत नाहीयेत, हे आधी घरच्यांना सांगा. याला अफेजिया म्हणतात, मराठीत वाचाघात. स्ट्रोक आलेल्यांपैकी साधारण तिघांत एकाला सुरुवातीला तरी होतोच.

तुमच्या बाबांसारखेच एक गृहस्थ पॅरिसला होऊन गेले, लबोर्न नावाचे. तिशीत वाचा गेली, पुढची २१ वर्षं हॉस्पिटलातच काढली आणि तिथे सगळे त्यांना 'तां' म्हणायचे कारण काहीही विचारलं की "तां, तां". हातवाऱ्यांनी बरंच काही समजावून सांगायचे आणि तरीही समोरच्याला कळलं नाही की चिडून एक सणसणीत शिवी द्यायचे, ती मात्र अगदी स्वच्छ! १८६१ मध्ये ते गेले, ब्रोका नावाच्या सर्जननी मेंदू तपासला आणि डाव्या बाजूच्या पुढच्या भागात इजा दाखवली, तोच हा प्रसिद्ध 'ब्रोका एरिया'. तो मेंदू कापून न बघता तसाच जपून ठेवला होता म्हणून एवढ्या वर्षांनी त्याचा एमआरआय काढता आला आणि २००७ मध्ये कळलं की इजा ब्रोकांना दिसली त्यापेक्षा कितीतरी आतपर्यंत गेलेली होती. म्हणजे भाषेची एकच एक खोली नसते मेंदूत, जोडणाऱ्या तारा तुटल्या तरी बोलणं अडतं.

आता गाण्याचं. गाणं, एक ते दहा आकडे, वारांची नावं, शिव्या हे सगळं पाठ झालेलं असतं, पहिला शब्द निघाला की पुढचे आपोआप ओढले जातात आणि त्यात मेंदूच्या उजव्या बाजूचाही हात असतो. "पाणी दे" म्हणायला मात्र शब्द शोधायचा, त्याचे आवाज जुळवायचे, वाक्यात बसवायचा, तेही दरवेळी नव्याने. माझ्याकडे स्पीच थेरपीला एक काका येतात, कंगव्याचं चित्र दाखवलं की हात बरोब्बर केसांकडे जातो, तोंडातून "पंगवा... नाही नाही... चमचा... छे!" आणि त्या "छे" मध्ये सगळं आलं, चूक झालीये हे त्यांना माझ्या आधी कळलेलं असतं.

मग गाऊन बोलणं शिकवता येईल का? १९७० च्या दशकात बोस्टनला नेमकी तशी थेरपी निघाली, छोटी वाक्यं चालीत म्हणायची आणि डाव्या हाताने ताल धरायचा. उपयोग होतो पण बहुतेक घोटलेल्या वाक्यांपुरता. २०११ मध्ये जर्मनीत १७ रुग्णांवर केलेल्या अभ्यासात तर असं दिसलं की खरी मदत चालीपेक्षा ठेक्याची आणि शब्द आधीपासून पाठ असण्याची होते. तेव्हा गाणी जरूर लावा, बाबांचा मूड सुधारेल, पण तीच थेरपी समजून थांबू नका.

सहा महिन्यांचं म्हणाल तर सुरुवातीच्या महिन्यांत सुधारणा जोरात होते हे खरं, नंतर दार बंद होतं हे खोटं. २०१७ मध्ये जर्मनीतल्याच १५० हून जास्त रुग्णांवरचा अभ्यास आला, सगळ्यांना स्ट्रोक होऊन सहा महिने किंवा जास्तच झालेले. आठवड्याला किमान १० तास अशी तीन आठवडे किंवा जास्त थेरपी दिली तर रोजचं बोलणं सुधारलं, नुसती वाट बघणाऱ्यांमध्ये काही फरक नाही. आठवड्यातून अर्धा तास जाऊन "थेरपी करून बघितली हो" म्हणणारे खूप भेटतात, त्यांना मी हेच सांगते.

आणि एक, "हो" आणि "नाही" ची अदलाबदल होते बऱ्याचदा. अंगठा वर-खाली करून खात्री करून घ्या. मोठ्याने बोलू नका, बाबांना ऐकू येतंय!

प्रश्न : सासूबाई ६१ च्या आहेत, स्ट्रोक वगैरे काही नाही. दोन वर्षांपासून शब्द आठवत नाहीत, सगळं "ते हे", "त्याचं ते". परवा मला विचारलं, "कात्री म्हणजे काय गं?" बाकी हिशोब, रस्ते सगळं व्यवस्थित. वय झालं म्हणून असेल का?

उत्तर : शब्द चटकन न आठवणं वयाने होतं. कात्री म्हणजे काय हाच प्रश्न पडणं वयाने होत नाही. स्मरणशक्ती शाबूत आणि भाषा मात्र हळूहळू झिजत जाते असे रुग्ण १९८२ मध्ये मेसुलम या अमेरिकेतल्या डॉक्टरांनी मांडले, तेव्हापासून या प्रकाराचा नीट अभ्यास सुरू झाला. यातही प्रकार आहेत, कुणाचं व्याकरण मोडतं, कुणाला शब्द सापडत नाही, कुणाचा शब्दाचा अर्थच जातो. अभिनेते ब्रूस विलिस यांच्या घरच्यांनी २०२२ मध्ये आधी अफेजिया सांगितला आणि पुढच्या वर्षी डिमेन्शियाचं, म्हणजे मेंदू हळूहळू झिजत जाण्याच्या आजाराचं नाव घेतलं, ते आठवत असेल. घाबरवत नाहीये, पण न्यूरोलॉजिस्टला लवकर दाखवा आणि दाखवताना हे कात्रीचं वाक्य जसंच्या तसं सांगा, "विसरतात" एवढंच म्हणालात तर तपासणी भलतीकडेच जायची.

प्रश्न : आई घरी मराठी, नोकरीत इंग्रजी बोलायची. स्ट्रोकनंतर आधी इंग्रजी शब्दच यायला लागलेत! असं असतं का?

उत्तर : असतं. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये रिबो नावाचे मानसशास्त्रज्ञ म्हणाले लहानपणची भाषा टिकते, पीत्र नावाचे डॉक्टर म्हणाले आजारापूर्वी जी जास्त वापरात होती ती आधी येते आणि खरं सांगायचं तर रुग्ण दोघांनाही जुमानत नाहीत, बहुतेकांच्या दोन्ही भाषा बरोबरीनेच सुधारतात, काहींच्या मागेपुढे. २०१६ मध्ये हैदराबादच्या ६०८ स्ट्रोक रुग्णांच्या अभ्यासात एकापेक्षा जास्त भाषा बोलणाऱ्यांपैकी साधारण ४० टक्क्यांची विचारशक्ती ठीक राहिली, एकभाषिकांमध्ये २० टक्के. पण गंमत बघा, अफेजियाचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच! आईंना इंग्रजी शब्द आला तर तोच उचला आणि तुम्ही मराठीत उत्तर द्या. "मराठीत सांग ना गं" असं टोकू नका.

प्रश्न : मेंदूत चिप बसवून बोलता येतं असं वाचलं. माझ्या भावाला अफेजिया आहे, त्याला चालेल?

उत्तर : सध्या नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत ज्यांच्यावर हे झालं त्यांची भाषा शाबूत होती, तोंडाचे स्नायू साथ देत नव्हते. चिपने शब्द बोलायचा प्रयत्न टिपला आणि स्क्रीनवर आणला. भावाचा शब्द त्याच्या आधीच अडतोय. तोवर खिशात छोटी वही आणि पेन देऊन बघा, पूर्ण शब्द नाही जमला तरी पहिलं अक्षर किंवा वेडंवाकडं चित्र पुष्कळांना जमतं.