बागेत दाणे टिपणाऱ्या पक्ष्यांवर शिक्रा आणि मांजर टपून बसतात, काय करावं?

तुम्ही विचारलंय की कोथरूडच्या घराच्या बागेत दाण्यांचं भांडं टांगल्यापासून चिमण्या आणि मुनिया भरपूर येतात, पण आता एक शिकारी पक्षी झडप घालून त्यांना उचलतो, शेजारची मांजरही जास्वंदीखाली दबा धरून बसते, तर दाणे घालणं बंद करावं का?

बंद करा, पण दहा-बारा दिवसांपुरतंच. नंतर भांडं परत टांगा, फक्त त्याच जागी नको.

मी पुण्यातच सहकारनगरात राहतो, तळजाई टेकडीच्या पायथ्याशी. बारा वर्षं बागेत दाणे-पाणी ठेवतोय आणि तुमच्यासारखंच पहिल्या हिवाळ्यात माझंही काळीज तुटलं होतं. एका सकाळी शिक्रा नावाच्या शिकारी पक्ष्याने मुनियांच्या थव्यावर झेप घेतली. मी स्वयंपाकघरातून ताट आणि पळी घेऊन धावलो, ताट बडवलं. शिक्रा रिकाम्या पंजांनी निघून गेला. पण थवा असा उधळला की दोन मुनिया हॉलच्या मोठ्या काचेवर जाऊन आदळल्या. एक तिथेच गेली. दुसरी माझ्या तळहातावर पाच-सात मिनिटं धापा टाकत राहिली आणि मग तिनेही मान टाकली. शिक्र्याने फार तर एक नेली असती. त्या दिवसापासून मी शिकारी पक्ष्याला हाकलणं सोडलं आणि आपण भांडं कुठे टांगलंय याचा विचार करायला लागलो.

तुमच्याकडे येणारा पक्षी शिक्राच असेल. पारव्याहून थोडा लहान, पाठ राखाडी, छाती-पोटावर तांबूस बारीक आडव्या रेघा, नराचे डोळे लालभडक. आधी खात्री मात्र करून घ्या. पावशा, तोच पावसाळ्याच्या तोंडावर ‘पेर्ते व्हा’ ओरडणारा, रंगाने आणि उडण्याच्या ढबीने हुबेहूब शिक्र्यासारखा दिसतो. त्याला बघून लहान पक्षी तितकेच घाबरतात, पण तो सुरवंट आणि किडे खातो. चोच बघा: शिक्र्याची आकड्यासारखी वळलेली असते, पावशाची तशी नसते.

शिक्र्याचं मुख्य खाणं म्हणजे सरडे, पाली, उंदीर आणि मोठे किडे. लहान पक्षी त्याला सहजासहजी मिळत नाहीत. आपण रोज एकाच वेळी, एकाच ठिकाणी मूठभर कणी टाकतो, तीस-चाळीस पक्षी माना खाली घालून टिपत बसतात, तेव्हा ते सोपं होतं. म्हणून दहा-बारा दिवसांची सुट्टी. थवा पांगतो, शिक्रा दुसरीकडे फिरायला लागतो. पाण्याचं भांडं मात्र भरलेलं असू द्या. आणि कितीही राग आला तरी त्याला दगड मारू नका, घरटं मोडू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला चिमणीइतकंच काय, जास्तच संरक्षण दिलंय. त्याचीही पिल्लं उन्हाळ्यात कुठल्यातरी आंब्यावर वाट बघत असतात.

आता जागा. भांडं एकतर काचेपासून तीन फुटांच्या आत टांगा, नाहीतर तीस फुटांच्या पलीकडे. जवळ असेल तर घाबरून उडालेल्या पक्ष्याला वेगच घेता येत नाही, आदळला तरी वाचतो. मधलं अंतर सगळ्यात वाईट, आणि माझं भांडं नेमकं तिथेच होतं. मी ते आता खिडकीच्या गजालाच अडकवलंय. शिवाय भांड्यापासून दहा-बारा फुटांवर एखादं दाट झाड हवं, लिंबू, बोगनवेल किंवा करवंद. शिक्रा आला की पक्षी त्या काट्यांत घुसतात आणि तो बाहेर बसून राहतो.

पण झुडूप भांड्याला अगदी खेटून नको, कारण तेच मांजराचं लपायचं ठिकाण. तुमच्या जास्वंदीचं तेच झालंय. तिच्या खालच्या फांद्या जमिनीपासून हातभर छाटून टाका, म्हणजे खालून आरपार दिसेल.

मांजराच्या बाबतीत मी इतका सहनशील नाही. शिक्रा इथलाच, जगण्यासाठी शिकार करतो. मांजर आपण पाळतो, त्याला खाऊ-पिऊ घालतो आणि पोट भरलेलं असूनही ते शिकार करतं. माझ्याकडे दयाळाचं नुकतंच उडायला लागलेलं पिल्लू असंच गेलं. शेजारच्या काकूंकडे गेलो तर त्या म्हणाल्या, “अरे, मांजराची जात आहे ती, पक्षी दिसला की जाणारच.” मी म्हटलं, “हो काकू, म्हणूनच तर आलोय. मनीला सकाळी नऊपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर घरात ठेवाल का?” त्या वेळांना पक्षी सर्वांत जास्त येतात आणि मांजरंही तेव्हाच शिकारीला निघतात. काकूंनी ऐकलं. मनीचं दूध आता नऊच्या आत कधीच अंगणात ठेवत नाहीत. तुम्हीही भांडायला न जाता सांगून बघा, बहुतेक माणसं ऐकतात.

भटकी मांजरं मात्र कोणाचं ऐकणार? त्यांच्यासाठी, काचेपासून तीस फुटांपलीकडे जागा असेल तर, भांडं गुळगुळीत लोखंडी पाइपवर बसवा, जमिनीपासून सहा फूट तरी वर, आणि भिंत किंवा फांदीपासून आठ फूट लांब. पाइपच्या मध्यावर तेलाच्या डब्याच्या पत्र्याचा शंकू लावा, रुंद तोंड खाली करून. चढणारं मांजर तिथेच अडतं, खारही अडते. खाली सांडलेले दाणे रोज झाडा, कारण होले आणि साळुंक्या जमिनीवरच टिपतात आणि तेच आधी मांजराच्या तावडीत सापडतात. शिवाय दाण्यांवर रात्री उंदीर येतात आणि उंदरांमागे धामण येते. धामण बिनविषारी आहे, घाबरू नका, पण तिला आमंत्रणही नको. पारव्यांसाठी पसाभर ज्वारी ओतत असाल तर तेही थांबवा. गर्दी, विष्ठा आणि रोग एकदम वाढतात.

एक बाजूची गोष्ट. भारद्वाज दिसला की आपण शुभ मानतो, आणि तो देखणा आहेच, पण बुलबुलांची अंडी-पिल्लं खाण्यात तो आणि कावळा सारखेच. म्हणून घरटं दिसलं तर त्याभोवतीची पानं छाटू नका, फोटोसाठी फांदी बाजूला करू नका. लपलेलं घरटंच टिकतं.

शेवटचं, आणि हे आत्ताच लक्षात ठेवा. मांजराच्या तोंडून सुटलेला पक्षी वरून धडधाकट दिसला तरी त्याला उडवून देऊ नका. मांजराच्या दातांतल्या जिवाणूंनी एक-दोन दिवसांत त्याचा जीव जाऊ शकतो, त्याला पशुवैद्याकडून प्रतिजैविक लागतं. चोचीत पाणी ओतू नका. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात सुती कापडावर ठेवा, खोकं अंधाऱ्या, शांत जागी ठेवा आणि वनविभागाच्या 1926 या नंबरवर लगेच फोन लावा.