साध्या गाडीने उलुरूला जाता येतं का?

प्रश्न: दादा, आम्ही अॅडलेडला असतो, गाडी साधी कोरोला. जुलैत आई-बाबा पुण्याहून येतायत, त्यांना ऑस्ट्रेलियाच्या मधोमध असलेला प्रचंड लाल खडक, उलुरू, बघायला गाडीनेच न्यायचं मनात आहे. ऑफिसमधले सगळे म्हणतात फोर व्हील ड्राइव्ह नसेल तर आउटबॅकचं, म्हणजे आतल्या ओसाड भागाचं, नावच काढू नको. मोठी गाडी भाड्याने घेऊ का?

उत्तर: अगं, उगाच पैसे घालवू नकोस. अॅडलेड ते उलुरू साधारण १,६०० किलोमीटर आहे आणि तो सगळा रस्ता डांबरी आहे. स्टुअर्ट हायवे १९८७ सालीच पूर्ण पक्का झाला, पुढे एर्लडुंडा नावाच्या थांब्याला डावीकडे वळलं की लासेटर हायवे, तोही पक्का, तिथून पुढे किंग्ज कॅन्यन ही दरी बघायला नेणारा लुरित्जा रोडसुद्धा पक्का. सर्व्हिसिंग झालेली कोरोला या रस्त्यावर मजेत धावते.

गोची होते ती मॅपमुळे. किंग्ज कॅन्यनहून अॅलिस स्प्रिंग्जला निघालीस की फोन तुला अर्नेस्ट जाइल्स रोड नाहीतर मीरीनी लूप दाखवेल, अंतर कमी दिसतं म्हणून मोह होतो, पण दोन्हीकडे कच्चा रस्ता, मातीवर अशा आडव्या लाटा पडलेल्या असतात की गाडीचा नट न् नट खडखडतो, आणि पाऊस झाला की रस्ता बंदच करतात. तिकडे जायचं नाही, आल्या वाटेने एर्लडुंडाला परत यायचं. आणि उद्या कधी भाड्याची गाडी घेतलीसच तर करार नीट वाच, बऱ्याच करारांत कच्च्या रस्त्यावर विमा नसतो, काहींत तर शहराबाहेर रात्री चालवलेलंही चालत नाही.

रात्रीचं म्हणशील तर ती अट आपणहूनच पाळ. पहाटे आणि तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात, आणि जुलैत सहाच्या सुमारास अंधार पडतो, म्हणजे हातात दिवस लहान. कूबर पीडीपर्यंत साडेआठशे किलोमीटर आहे, तरुण पोरं एका दिवसात मारतात, तू आई-बाबांना घेऊन मारू नकोस, पहिला मुक्काम पोर्ट ऑगस्टा किंवा वूमेराला कर. दुसरा कूबर पीडीला, तिथे जमिनीखालच्या हॉटेलात झोपा, बाबांना जाम आवडेल. तिसरा मार्ला नाहीतर एर्लडुंडाला, मग चौथ्या दिवशी दुपारी आरामात उलुरू.

पेट्रोल अर्ध्यावर आलं की भरायचं, दराकडे बघायचं नाही. तिकडे बऱ्याच पंपांवर साध्या ९१ ऑक्टेनच्या पेट्रोलच्या जागी ओपल नावाचं पेट्रोल असतं, हुंगून नशा करता येऊ नये म्हणून मुद्दाम बनवलेलं, कोरोलाला बिनधास्त चालतं. डिकी उघडून स्टेपनी आहे का बघ, हल्ली नुसतं पंक्चरचं किट देतात, आणि छोटी स्टेपनी असेल तर तिच्यावर ८० च्या वर जाता येत नाही. हे मला तरी फोर व्हील ड्राइव्हपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

रोड ट्रेन, म्हणजे मागे अनेक ट्रेलर जोडलेला ट्रक, ५३ मीटरपर्यंत लांब असते, आपल्या चार एसट्या एकामागे एक लावल्यासारखी. समोरचा रस्ता लांबवर मोकळा दिसल्याशिवाय ओव्हरटेक नको, आणि ती समोरून आली तर स्टिअरिंग घट्ट धर, वाऱ्याचा धक्का बसतो. नॉर्दर्न टेरिटरीत १३० ची मुभा आहे म्हणून १३० ने जायलाच हवं असं काही नाही, पेट्रोलही दणकून जातं.

पाणी भरपूर घ्या, माणशी रोजचं धरून वर थोडं जास्तच. मोबाइलला मधे तासन् तास रेंज नसते. गाडी बंद पडली तर गाडीपाशीच थांबायचं, हायवे आहे, कोणीतरी येतंच. आणि स्वेटर घ्या हं, वाळवंट म्हणून आई सुती साड्याच आणेल, पण तिकडे जुलैत रात्री पारा शून्याजवळ जातो.

प्रश्न: आम्ही पर्थहून नलारबोरच्या ओसाड मैदानातून अॅडलेडला जातोय, ही पण साधीच गाडी. घरचं खाणं किती न्यावं?

उत्तर: कोरडं हवं तेवढं न्या, थेपले, चिवडा, लाडू. फळं आणि ताजी भाजी सेडूना गाव येण्याआधी संपवा, तिथल्या क्वारंटाइन नाक्यावर काढून घेतात. परत येताना हीच तपासणी बॉर्डर व्हिलेजला होते, तिथे मधसुद्धा चालत नाही. पाणी मात्र निघतानाच भरून घ्या, नलारबोरच्या रोडहाउसवर, म्हणजे हायवेवरच्या पंप-धाब्यावर, ते फुकट मिळेल असं धरून चालू नका.