बी.कॉम. झालेल्या मुलीने विमा कंपनीच्या अकाउंट्समध्ये करिअर करावं का? सीए असायलाच हवं का?

जरूर करावं. सीए असाल तर वरच्या जागा लवकर मिळतात, पण सुरुवातीला ती अट नसते. बी.कॉम.सोबत मुंबईच्या भारतीय विमा संस्थेच्या लायसेन्शिएट आणि त्यापुढची असोसिएट या परीक्षा देत राहा. नोकरी सांभाळून जमतात.

मात्र हे काम नेहमीच्या टॅली-जीएसटीपेक्षा वेगळं आहे. समजा, 1 जानेवारीला 12,000 रुपयांची वर्षभराची मोटार पॉलिसी विकली. 31 मार्चला त्यातले साधारण 3,000च उत्पन्न धरायचे, उरलेले 9,000 राखीव. शिवाय अपघात होऊन गेलेत पण दावा अजून आलेला नाही, त्यांचीही तरतूद करावी लागते. तो आकडा अ‍ॅक्च्युअरी, म्हणजे विम्यातल्या जोखमीचं गणित मांडणारा तज्ज्ञ देतो, पण तो समजून घेऊन प्रश्न विचारणारा अकाउंटंट कंपनीला हवा असतो. इंड एएस 117 हे विमा करारांच्या हिशेबाचं नवं मानक 2024 मध्ये अधिसूचित झालंय. ते आत्ताच शिकलात तर दहा वर्षं जुन्या सिनिअरच्या बरोबरीने बसाल.

बाई म्हणून एकच सावधगिरी. ‘तुम्हाला सोयीचं’ म्हणून कमिशनची बिलं किंवा प्रीमियम जुळवणीचं टेबल देतात आणि तिथेच वर्षं जातात. वर्षा-दोन वर्षांत पुनर्विमा (विमा कंपनीने स्वतःच्या जोखमीचा काढलेला विमा) किंवा क्लोजिंगच्या, म्हणजे हिशेब बंद करून ताळेबंद काढणाऱ्या टीममध्ये बदली मागा, तीही लेखी. मार्च-एप्रिलला उशीर होणारच, घरी आधीच सांगून ठेवा. बाळंतपणाची 26 आठवड्यांची पगारी रजा मात्र पहिल्या दोन अपत्यांसाठी कायद्यानेच आहे, त्यासाठी कुणाचे उपकार मानू नका.

आणि हो, एलआयसीत 2013 मध्ये उषा सांगवान पहिल्या महिला व्यवस्थापकीय संचालक झाल्या होत्या.